चार चाकं, त्यांतलं एक माझं

भिवंडीजवळ टेमघरला मी ज्या खोलीत भाड्याने राहत होतो, तिच्या करारनाम्यात तीन अटी होत्या. अकरा महिने झाले की खोली रिकामी करायची, ही पहिली. मोरीत कपडे आपटायचे नाहीत, ही दुसरी. या दोन्ही टाइप केलेल्या होत्या. तिसरी घरमालकांनी खालच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहिली होती: ‘रविवारी सकाळी आठ ते अकरा अंगणातून पाय घासत चालू नये.’ पहिली अट आम्ही दोघंही सात वर्षं विसरलो. दुसरी मी रोज मोडायचो आणि मालकीणबाई रोज ओरडायच्या. तिसरी मोडल्याबद्दल मात्र माझ्या आधीच्या भाडेकरूला बिऱ्हाड हलवावं लागलं होतं. सभ्य माणूस होता म्हणे, फक्त स्लीपर फटक-फटक वाजवत चालायचा.

या अटीचं कारण अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली उभं असे. एक जुनी पांढरी फियाट. म्हणजे फियाटला कोणी विचारत नव्हतं. तिचा मागचा उजवा दरवाजा आतून दोरीने बांधलेला होता आणि टपावर पेरू पडून पडून खळगे झाले होते. कौतुक होतं ते तिच्या चाकांचं. चारही ॲल्युमिनियमची. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. तेव्हा भिवंडीतल्या मोटारींना लोखंडी चाकं असायची आणि त्यांवर पत्र्याच्या टोप्या, आणि त्या टोप्याही खड्ड्यांत पडून शहराची मालमत्ता व्हायच्या. अशा ठिकाणी आमच्या अंगणात चार चाकं आरशासारखी लखलखत उभी. त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून मी पाय उचलून चालायचं. माझा स्वभाव तसा घासून चालणाऱ्यांतला, पण खोली स्वस्त होती.

मालक डेपोतून हेडमेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला मास्तर, कारण मी एका हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. सगळी नोकरी बसखाली उताणं पडून काढल्यामुळे त्यांना माणूससुद्धा खालून वर बघायची सवय लागली असावी, असा माझा शास्त्रीय अंदाज होता. घरी कोणी आलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. चपला, टाचा, तुटकी वादी, सगळं वाचून झालं की मग सावकाश चेहऱ्यापर्यंत पोचत. मी खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या सँडलचं बक्कल सेफ्टी पिनेने लावलेलं होतं. त्यांनी बराच वेळ त्या पिनेकडे बघितलं.

“शिकवता काय?”

“सायन्स.”

“मंग ह्ये काय हाय?”

खोली मिळाली, पण सँडल त्यांनी तिथेच काढून घेतला आणि संध्याकाळी पितळी रिव्हेट मारून परत दिला. सँडल कधीच गेला. रिव्हेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

बोलणं सगळं डेपोचं. मला खोकला झाला तर, “मास्तर, एअर फिल्टर बदला.” शेजारची म्हातारी वारली तेव्हा तिच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “लय किलोमीटर झाले होते तिचे. कंदी रस्त्यात न्हाय उभी ऱ्हायली.” आमचे हेडमास्तर एकदा घरी आले. ते गेल्यावर मी मोठ्या उत्सुकतेने काकांचं मत विचारलं. “इंजिन बरं हाय,” ते म्हणाले, “पन माणूस हापगेरमधी चालवतोय.” पुढे हेडमास्तर स्टाफरूममध्ये बोलायला उभे राहिले की मला गुरगुर ऐकू यायची.

चाकं आली ती कशेळीच्या एका गोदामातून. परदेशातून आलेला खोका, कोणी सोडवायला आलंच नाही. काका तिथे कोणाच्या तरी ट्रकचा गिअरबॉक्स बघायला गेले आणि खोक्याच्या फटीतून त्यांना ती दिसली. निवृत्तीचा फंड नुकताच हातात आलेला. त्या फंडातून काकूंना सोन्याच्या पाटल्या करायच्या, हे त्यांच्या लग्नाच्या वर्षापासून ठरलेलं. संध्याकाळी टेम्पो दारात थांबला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, तर हमाल चार चाकं उतरवत होते. त्या दिवसापासून काकू चाकांना ‘माझ्या पाटल्या’ म्हणायच्या. “आवो, माझ्या पाटल्या धुऊन झाल्या आसतील तर चहा घ्या.” यात राग किती आणि कौतुक किती, हे सात वर्षांत मला कळलं नाही. काकांना कळत असावं, कारण ते चहा उभ्यानेच पीत. आणि गंमत अशी की चाकं मुळात फियाटची नव्हतीच. ती बसवायला काकांनी लेथवर मधले तुकडे कातून घेतले होते. म्हणजे पाटल्या मोडून हात घडवावा, तसा प्रकार.

दर रविवारी त्या चाकांची आंघोळ चाले. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढायची, चाकं निघायची आणि गोणपाटावर ओळीने पहुडायची. आधी हात लावून बघायचं. गरम असतील तर पाणी नाही, सावलीत गार होईपर्यंत थांबायचं. मग नुसतं पाणी, म्हणजे रेतीचे कण निघून जातात. तेच कण चिंधीखाली आले की ओरखडे पाडतात. मग रिठ्याचं पाणी. नटांच्या भोकांसाठी टूथब्रश. त्या घरात जुने टूथब्रश फेकले जात नसत, दात घासून थकले की चाकांच्या सेवेत रुजू होत. एकदा माझा नवा ब्रश वेळेआधीच रुजू झाला.

चिंधीचं तर वेगळंच शास्त्र. भिवंडीत कापडाला काय तोटा, लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचे तुकडे गल्लीत पडलेले असत. पण कोऱ्या कापडात सायझिंगची खळ असते, ती कडक असते, आणि काकांच्या मते त्या कापडाने चाक पुसणं म्हणजे बाळाचं तोंड विटेने पुसणं. म्हणून चिंध्या उकळून, चोळून, पुन्हा उकळून मऊ करायच्या. चार चाकांच्या चार चिंध्या, दोरीवर चार चिमट्यांत, चिमट्यांवर नंबर. एकाची चिंधी दुसऱ्याला चालत नसे. माझ्या खोलीत तेव्हा अंगाला आणि भांड्यांना मिळून एकच टॉवेल होता.

मग पॉलिश. बोटाच्या पेरावर मावेल एवढं घ्यायचं आणि लहान लहान गोल फिरवत राहायचं. चिंधी काळी व्हायला लागते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो, “काका, अजून मळ आहे.”

“मळ न्हाय. काळं निघतंय म्हंजे काम होतंय.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. ते या गोष्टीत पुढे माझा घात करणार आहे, म्हणून लक्षात ठेवा. शेवटी मेण, तेही अत्तर लावल्यासारखं, जेमतेम. ते सुकलं की काका वर्तमानपत्र चाकासमोर धरत आणि आतल्या प्रतिबिंबात उलट्या अक्षरांचा मथळा मोठ्याने वाचत. अडखळले तर चाक पुन्हा गोणपाटावर. वाचता आला तर चाक गाडीला, आणि वर उशीच्या अभ्र्याचं, इलॅस्टिक घातलेलं टोपडं. चार टोपडी काकूंनीच शिवली होती. शेजारच्या एका बाईंनी एकदा प्रेमाने सुचवलं की चिंच लावून बघा, माझा तांब्या कसा निघतो. काका पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, “चिंच पितळेला. ह्याला आंबट न्हाय, खारट न्हाय, कडक कायपन न्हाय. ह्याला फक्त हात.”

आणि इतकं करून गाडी वर्षातून चार वेळा बाहेर पडायची. बुद्धपौर्णिमेला, जयंतीच्या मिरवणुकीला, दसऱ्याला, आणि चौथ्यांदा पेट्रोल भरायला. परत आली की चाकांवर शहराची धूळ आणि लूमचा कापूस, की पुन्हा रविवार.

एका रविवारी माझ्यातला विनोदी वक्ता जागा झाला. “काका,” मी म्हणालो, “चाकं फिरणार शेवटी जमिनीवर, शेणातनं. एवढा चकचकाट टपाला द्या. निदान पेरूंना तरी पडताना आपलं तोंड दिसेल.”

एरवी काका माझ्या विनोदावर, निदान भाडं वेळेवर येतं म्हणून तरी, थोडंसं हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. चौथ्या चाकाला टोपडं घातलं आणि आत निघून गेले.

काकू पायरीवर तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “मास्तर, आमच्या गावाला मोठं घर हाय. वेशीतनं आत गेलं की डाव्या हाताला. ह्यांच्या बाला त्या घरासमोरनं जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागायच्या. हे लहान, बाच्या मागनं चालायचे. तवा ह्यांना काय दिसत आसंल? बाचे तळपाय.”

सुपाबाहेर उडालेले दाणे मी वेचायला लागलो.

“पोरीचं लगीन गावच्या विहारात करायचं, आनि तिला ह्या गाडीतनं न्यायची, मोठ्या घरासमोरनं. बाकी त्यांना काय नको.” एक खडा त्यांनी बोटाने उडवला. “माझ्या पाटल्या उगाच न्हाय गेल्या.”

त्यांचं गाव दिघाशीच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं आता मला जेवायला बोलावतात. मी खोलीत जाऊन बसलो. मला शरम वाटत होती. माझी शरम इतरांसारखी साधी नसते, ती मला मदत करायला लावते.

त्यांची एकच मुलगी. मी तिला ताई म्हणायचो. ती दवाखान्यात नर्स होती आणि काकांनी तिला फियाट चालवायला शिकवली होती. ती स्टिअरिंगवर बसून निघाली की वळणावरचे रिक्षावाले बिडी हातात धरून बघत राहायचे. तिचं लग्न कल्याणच्या एका मुलाशी ठरलं. मे महिना, रविवार, गावच्या विहारात. सगळं काकांच्या मनासारखं झालं, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढावा लागला. डावा अजून पिकायचा होता, त्याने सगळं धुक्यात दिसायचं. डोळ्यावर हिरवं फडकं आलं आणि डॉक्टरांनी बजावलं: वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुळीत बसायचं नाही.

लग्नाच्या आधीच्या बुधवारी काकांनी मला बोलावलं. ताईची ड्युटी होती, काकूंना लग्नघर होतं. डेपोतल्या एका जुन्या जॉबकार्डाच्या पाठीवर त्यांनी ताईकडून अकरा कलमं लिहून घेतली होती, रिठ्यापासून टोपड्यापर्यंत.

“मास्तर, चाकं तुमच्याकडं. सायन्सवाले हाव म्हनून देतोय.”

आजवर माझ्या पदवीवर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता. विद्यापीठानेही नाही, त्यांनी सेकंड क्लास दिला होता.

कार्ड घेऊन मी खोलीत आलो आणि वाचताना मला हसू आलं. अकरा कलमं, चार चाकं, प्रत्येकी निदान पाऊण तास. हे काय विज्ञान झालं? मी त्याहून चांगलं करून दाखवणार होतो. काकांना डोळ्यावरचं फडकं काढल्यावर जे दिसेल, ते बघून त्यांनी म्हणावं, मास्तर, आता दर रविवारी तुम्हीच.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील रंगाईच्या कारखान्यात मास्टर होते. यंत्रांवरची वंगणाची पुटं ते कॉस्टिक सोड्याने मिनिटात काढतात, हे मी पाहिलं होतं. गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो.

“मास्टरजी, करना क्या है?” त्यांनी विचारलं.

“सफाई. गाडी के पार्ट हैं.”

“लोहे के?”

“हां, वैसा ही कुछ.”

त्यांनी प्लास्टिकचा कॅन भरून दिला आणि वर म्हणाले, “घर में अलमुनियम के बर्तन में मत निकालना. खा जाएगा.”

मी हसलो. “भाईसाब, केमिस्ट्री मैं ही सिखाता हूं.”

खोटं नव्हतं. ॲल्युमिनियम आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांची अभिक्रिया मी दर वर्षी नववीला फळ्यावर लिहायचो. टेस्टट्यूबमध्ये पट्टी टाकून दाखवायचो, बुडबुडे यायचे, मागच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवायची. पण फळ्यावरचं ॲल्युमिनियम वेगळं आणि अंगणातलं वेगळं, असं माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं असावं. घरी आलो तर काकू आणि काका डोळ्याच्या तपासणीला गेलेले. मी चाकं काढली, ओळीत मांडली आणि काथ्याच्या कुंचल्याने चारांना भरपूर कॉस्टिक फासलं.

फेस आला. केवढा देखणा फेस. चाकं नुसती फसफसत होती, मळ कसा उकळून वर येतोय बघा, असं मी पेरूच्या झाडाला म्हणालो. मग काळं यायला लागलं. आणि मला काकांचं वाक्य आठवलं: काळं निघतंय म्हंजे काम होतंय. इतकं काळं काकांनी वर्षभरात काढलं नसेल, मी पाच मिनिटांत काढलं होतं. आनंदाने मी दुसरा हात मारला. पहिल्या चाकाला तिसराही.

पाणी ओतलं तेव्हा काळं गेलं नाही. चोळलं तरी गेलं नाही. चहा उकळून उकळून काळवंडलेलं जर्मनचं पातेलं असतं ना, तशी चार पातेली माझ्यासमोर होती. बोट फिरवलं तर खरखर लागली. तेव्हा कुठे फळा आठवला. अभिक्रिया पूर्ण, बाणासकट.

रिक्षा दारात थांबली. काकू आधी उतरल्या. त्यांनी चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणाल्या, “माझ्या पाटल्या.”

काका मागून आले. डाव्या डोळ्याने त्यांना फारसं दिसत नव्हतं. काकूंच्या खांद्याचा आधार घेऊन ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “एक हातात द्या.” मी चाक त्यांच्या गुडघ्याला टेकवून धरलं. बराच वेळ त्यांची बोटं त्याच्यावर फिरत राहिली.

“काय लावलंत?”

“कॉस्टिक.”

“ह्ये कोन्या यत्तेला हाय?”

“नववीला.”

“तुमी शिकवता?”

“दर वर्षी.”

“पोरं पास व्हतात?”

“होतात.”

“मंग तुमीच कसे ऱ्हायलात?”

मी म्हणालो, मी आजच खोली सोडतो. हे बोलताना माझा आवाज कापला, ते मला जरा बरंही वाटलं.

“खोली सोडून जानार कुठं? रविवारी लगीन हाय,” काका म्हणाले. “पानकागद घेऊन या, पान्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर. चारशे नंबरचा, सहाशेचा, हजाराचा. आनि खाली बसा.”

शुक्रवार आणि शनिवार मी माणूस नव्हतो, हात होतो. काका अंगणाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडच्या सावलीत खुर्चीवर, फडक्याचा डोळा आकाशाकडे, आणि मी त्यांच्या पायाशी ओला कागद घासतोय. त्यांना दिसत नव्हतं, पण ते ऐकत होते. “चारशेचा कागद रडतो,” ते म्हणायचे, “रडं थांबलं की सहाशे घ्या. सहाशे कुजबुजतो. हजार नुस्ता श्वास घेतो.” मी फसवून लवकर सहाशेवर गेलो, तर डोळे मिटूनच म्हणाले, “आजून रडतंय ते.” कागद आडवा चालला तर त्यांना कळे, एकाच जागी घासला तर कळे, मी नुसताच कागद चाकावर ठेवून विश्रांती घेत असलो तर फारच लवकर कळे. माझ्या बोटांची सालं आधीच कॉस्टिकने निघाली होती. उरलेली पानकागदाने काढली.

शुक्रवारी दुपारी ताई ड्युटीवरून आली. हळद लागायची होती, बायका जमल्या होत्या. ती आली, पदर खोचला आणि म्हणाली, “उठा मास्तर. तुमचा हात वाकडा पडतोय.” आणि बसली घासायला. काकू ओरडल्या, “आगं, नवरीचे हात बघ, मेकॅनिकचे झाले.”

“मेकॅनिकचीच हाय,” काका म्हणाले.

बायकांनी तिथेच शेडमध्ये तिला हळद लावली, एक चाक तिच्या मांडीवर असताना. त्या चाकाच्या एका पात्यावर पिवळा अंगठा उमटला होता. तो मी चिंधी क्रमांक दोनने पुसला, कार्डात होतं त्याप्रमाणे.

शनिवारी दुपारपर्यंत तीन चाकं परत आली. काकांनी काकूंच्या हातात वर्तमानपत्र दिलं. काकूंना वाचता येत होतं ते सुलटंच, पण त्यांनी तिन्ही मथळे चाकात बघून वाचले. चौथं मात्र राहिलं. तेच ते, तिसरा हात मिळालेलं. त्यावर खड्डे इतके खोल होते की चारशेचा कागद रडून रडून थकला. काकांनी त्याच्यावर तळवा ठेवला.

“ह्ये न्हाय व्हायचं.”

मी म्हणालो, उद्या सकाळी लवकर उठून करतो.

“न्हाय व्हायचं, मास्तर.” मग हिशोबी आवाजात म्हणाले, “मोठं घर डाव्या हाताला येतंय. डाव्या अंगाची दोन चांगली लावा. ह्ये मागं, उजवीकडं. तिकडं नुस्तं शेत हाय.”

चाकं मीच चढवली. काळजीपूर्वक. बॉनेटसमोर उभा राहून दोनदा मनात घोकलं, डावीकडे चांगली, उजवीकडे मागे माझं. नट आवळले, टोपडी घातली, आणि दोन दिवसांनंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो.

रविवारी सकाळी निघालो. ताई पांढरी साडी नेसून स्टिअरिंगवर, शेजारी काका, मागे काकू आणि मी, माझ्या बाजूचा दरवाजा दोरीने बांधलेला. काकांनी नवे काळे बूट घातले होते. त्यांचं पॉलिश त्यांनी कोणालाही करू दिलं नव्हतं, मला तर त्या खोलीतही येऊ दिलं नव्हतं. मांडीवर चार चिंध्या.

वेशीच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. “मास्तर, टोपडी काढा. धूळ पुसून घ्या.” मी काकूंच्या बाजूने उतरलो. पुढचं डावं टोपडं काढलं, लखलखलं. मागचं डावं काढलं.

पातेलं.

तेव्हा लक्षात आलं. बॉनेटसमोर उभं राहिलं की माझं उजवं ते गाडीचं डावं. डेपोत पहिल्या दिवशी पोरांना हेच शिकवत असतील. मी टोपडं हातात घेऊन उभा होतो आणि मोठं घर पन्नास पावलांवर दिसत होतं. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव शहाणपणाचा निर्णय, आणि तोही भीतीपोटी घेतलेला.

काका खाली उतरले. म्हणाले, “ताई, पयल्या गेरमधी चल. मी चालत येतो.” आणि गाडीच्या डाव्या बाजूने, दरवाज्याला हात लावून, ते चालायला लागले. नवे बूट करकरत होते. मी मागून. मला त्यांच्या टाचा दिसत होत्या.

मोठ्या घराच्या ओट्यावर घरधनी बसला होता. काकांच्याच वयाचा, खांद्यावर टॉवेल. पांढऱ्या साडीतली नवरी स्वतः गाडी चालवतेय, हे बघून तो उठला. पायऱ्या उतरला. पुढच्या चाकाकडे त्याने नजर टाकली न टाकली, आणि पुढे सरकला. मागच्या चाकापाशी थांबला. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी एखादा चालला असता.

“हे असं का रे?” तो म्हणाला. ताईने गाडी थांबवली.

काकांनी धुक्यातल्या डोळ्याने चाकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. तेवढ्या एका डोळ्यात माझी सात वर्षांची सगळी भाडी माफ झाली असती किंवा दुप्पट.

तो माणूस टॉवेल सावरत खाली बसला. उकिडवा. मग अजून वाकला, कारण चाकाचा खालचा भाग त्याला दिसत नव्हता. बोटाने त्या खड्ड्यांवरून खरवडून बघितलं. “खाल्लंय कशाने तरी,” तो जमिनीकडे तोंड करून म्हणाला. “बाकीची बरी आहेत. हे कोणी केलं?”

“आमच्या मास्तरांनी.”

“बिघडवलंय.”

“व्हय. शिकत्यात आजून.”

काका त्याच्या डोक्यावर उभे होते, पायांत करकरणारे काळे बूट. त्याचं डोकं त्या बुटांच्या जवळ, जवळजवळ टेकलेलं. त्याने उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला, तसे काका शांतपणे म्हणाले, “बघा, बघा. नीट बघा. मागनं पन बघा. आमाला घाई न्हाय.”

आणि तो बघत राहिला. गाडीत काकूंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की काय करत होत्या, मला मागून दिसलं नाही.

लग्न वेळेवर लागलं.

त्यानंतर मी काकांना निदान दहा वेळा म्हणालो असेन की ते चौथं चाक माझ्याकडे द्या, आता मला रडणं-कुजबुजणं कळतं, मी करतो नीट. त्यांनी दिलं नाही. डोळे बरे झाले, रविवार पुन्हा सुरू झाले, चाकं गोणपाटावर आली. चौथ्याला पाणी मिळायचं, रिठा मिळायचा, मेण मिळायचं, टोपडंही मिळायचं. पॉलिश नाही. “त्याचं काम झालंय,” एवढंच म्हणायचे. काकू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजून दाखवायच्या, “तीन माझ्या आनि ती एक मास्तरांची.”

त्या वर्षी करारनामा पुन्हा करायची वेळ आली, म्हणजे काकांना ती अचानक आठवली. नव्या कागदावर खाली निळ्या शाईने चौथी अट आली होती: ‘भाडेकरूने चौथ्या चाकास पॉलिश करू नये.’ मी सही केली.

ती खोली सोडूनही आता बरीच वर्षं झाली. काका गेले, काकू गेल्या, घर ताईकडे आहे. मध्ये तिच्याकडे गेलो होतो. फियाट शेडमध्ये आहे, चाकांना टोपडी आहेत. ताईने मागचं डावं टोपडं काढून दाखवलं. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. निघताना दुपार होती, रविवारही नव्हता. तरी अंगणातून पाय उचलून चालत गेलो.